कमाल प्रथिनं, किमान साखर

वजन कमी करायचं ठरवलंत, अभिनंदन. आता ताटात लगेच काही बदल करू नका. आधी आकडा ठरवा. आकडा ठरला की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं, आणि उरलेलं निम्मं सोमवारपासून सुरू करायचं असतंच.

प्रथिनांचा आकडा काढणं सोपं, कारण तो कुठूनही काढता येतो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते, धडधाकट प्रौढाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरे. म्हणजे तुम्ही ८० किलोचे असाल तर ६६ ग्रॅम. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून त्या काळात १.२ ते १.६ पर्यंत जावं, असं बरेच आहारतज्ज्ञ सांगतात. पण ही दशांशात जगणारी माणसं. तुम्ही जिममधल्या सरांना विचारा. (ते तुम्हाला सर म्हणतात, तुम्ही त्यांना सर म्हणता आणि या परस्पर आदरातूनच पावडरचा डबा खपतो.) सर सांगतील, पाउंडामागे एक ग्रॅम. हिशेब अमेरिकेतला आहे; ठाण्याला पोचेपर्यंत तो किलोमागे २.२ होतो आणि तुमच्या वाट्याला १७६ ग्रॅम येतात. अंड्यांत मोजायचं तर एकोणतीस. वरणाच्या वाट्यांत मोजायला जाऊच नका. आपल्या घरचं वरण तुम्ही पाहिलंय, त्यात वाटीचा तळ दिसतो.

गुणाकार कोणत्या वजनाला करायचा, हाही प्रश्नच आहे. आजच्या, लग्नातल्या, की डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेल्या? सोयीचा मार्ग असा: डबा विकत घेताना आजचं वजन धरा, अंडी खायची वेळ आली की लग्नातलं. 'मूत्रपिंडासाठीची ती क्रिएटिनिनची तपासणी शेवटची कधी केली होती?' असं विचारणाऱ्या डॉक्टरांना या टप्प्यावर टाळलेलं बरं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला प्रथिनं किती हे तेच ठरवून देतात, आणि त्यांचा हात फार आखडता असतो.

आकडा मिळाला, आता माल. घरात मटकीला मोड आले असतील तर तिकडे ढुंकूनही बघू नका. कोरड्या मटकीत किंवा तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनच्या वड्यांत तर पन्नासच्या वर. पण पिशवी सोडून डब्यात ओतलेल्या मटकीवर हे कुठे छापलंय? ज्या पदार्थाच्या पाठीवर तक्ता नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? सुकट तर नकोच. प्रथिनं तिच्यात ठासून भरलेली आहेत हे खरं, पण तुम्ही ती परतायला घेतलीत की पाचव्या मिनिटाला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्या फ्लॅटचा नंबर येतो. त्यापेक्षा प्रोटीन बार घ्या. वास नाही, शेजारी नाराज नाहीत, आणि वेष्टनावरचा माणूस शर्टाशिवाय उभा आहे. घटकांची यादी वाचायचीच असेल तर पहिल्या नावावर थांबा. नियमाप्रमाणे जो घटक जास्त तो यादीत आधी लिहावा लागतो, म्हणून साखर तिथे एका नावाने येत नाही. खजुराची पेस्ट, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप आणि मध अशी चार दारांनी आत येते. चारही दारांवर वेगळी पाटी, त्यामुळे गर्दी झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याच हैदराबादच्या संस्थेने मे २०२४ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि प्रोटीन पावडरींच्या नादी लागू नका, त्यांत साखर आणि कृत्रिम स्वाद असू शकतात, असं त्यात बजावलं. सरांना हे दाखवू नका. सर नाराज होतात.

आता साखर. इथे जरा सावकाश जाऊ, कारण हा आपला प्रांत आहे. पुण्यात शिवाजीनगरला साखर आयुक्तांसाठी साखर संकुल नावाची अख्खी इमारत उभी आहे. प्रथिन आयुक्त कुठे बसतात, ऐकलंय कधी? प्रवरानगरच्या कारखान्यापासून आपल्याकडे सहकार, आमदारकी, कॉलेजं, बँका हे सगळं उसातून उगवलं. मुगातून एकही आमदार निघाल्याचं ऐकिवात नाही. लग्न ठरलं की साखरपुडा, पेपरात पास झालात की पेढा, नापास झालात तरी दहीसाखर आधीच हातावर पडून गेलेली असते. अशा राज्यात जागतिक आरोग्य संघटना २०१५ साली येऊन सांगते की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास पाच. पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. म्हणजे सहा चमचे.

घाबरू नका. त्या आकड्याला मर्यादा म्हणू नका, लक्ष्य म्हणा. लक्ष्य गाठायचं असतं, आणि हे तुम्ही सकाळी साडेदहापर्यंत गाठता. पुस्तकात प्रथिनांचा आकडा किमान असतो आणि साखरेचा कमाल. आपण तेवढी अदलाबदल करून घेतली आहे. डाळीची दुसरी वाटी मागितली तर 'बास, रात्री बाधेल', आणि चहात साखर कमी पडली तर 'अहो, एवढी तरी हवीच की'.

चहाचं गणित नीट शिकून घ्या. 'दिवसाला दोनच कप' हे वाक्य पाठ करा. ते डॉक्टरांसमोर, बायकोसमोर आणि उष्मांक मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये एकाच सुरात म्हणता आलं पाहिजे. ऑफिसातला अर्धा अर्धा कप मोजायचा नसतो. टपरीवरचं कटिंग हा चहा नसून संभाषण असतं. कुणाच्या घरी गेल्यावर घेतलेला चहा हा त्यांच्या खात्यात जातो. चमचाही ठरवून घ्या: सपाट की शिगोशीग? अ‍ॅप सपाट धरतं, तुमचा हात नाही.

तरीही आकडा फार वाढलाच तर गुळावर या. गुळाचा चहा विकणारी दुकानं आता चौकाचौकात आहेत आणि त्यांच्या पाट्यांवर आरोग्य ओसंडून वाहतं. गूळही मुख्यतः साखरच, उष्मांक जवळपास तितकेच, हे कुणी म्हणालं तर 'पण त्यात लोह असतं' असं ठणकावून सांगा. किती असतं हे विचारायची आपल्यात पद्धत नाही. गूळ कोल्हापूरचा असेल तर त्याला भौगोलिक मानांकन आहे. मानांकन मिळालेल्या वस्तूने वजन वाढतं का कुठे? मधही चालेल, कोमट पाण्यातून, अनशापोटी. जागतिक संघटना मधाला आणि फळांच्या रसालाही त्याच सहा चमच्यांत धरते, पण तिने आपली रसवंतीगृहं पाहिलेली नाहीत. उसाच्या रसात बारा-पंधरा टक्के साखर असते, म्हणजे एका मोठ्या ग्लासात तीसेक ग्रॅम. पण बर्फ कमी, आलं-लिंबू जास्त असं सांगितलं की ते औषध होतं.

सणांचं वेगळं सांगायला नको. श्रावण ते संक्रांत हा काळ हिशेबातून वगळा, मग पाडवा, मग आंबा. आंब्यात साखर नसते, ऋतू असतो. प्रसादाला उष्मांक नसतातच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी भरपूर घ्या. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, हे खरं, पण कूट आहे ना! शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं. सोबत साडेपाचशेच्या वर उष्मांक येतात, ते पाहुणे म्हणून.

आणि आता खास आपली युक्ती, जी परदेशी अ‍ॅपला कधी सुचणार नाही. दोन्ही लक्ष्यं एकाच घासात गाठा. पुरणपोळी घ्या: हरभऱ्याची डाळ म्हणजे प्रथिनं, गूळ म्हणजे लोह, वरचं तूप म्हणजे आजी. श्रीखंड घ्या: चक्का म्हणजे ज्याला लोक ग्रीक योगर्ट म्हणून चौपट पैसे मोजतात तेच, त्यात समभाग साखर पडली तर बिघडलं कुठे? लोणावळ्याची चिक्की तर प्रोटीन बारच. फक्त वेष्टनावर उघडा माणूस नाही. नोंद करताना अ‍ॅपमध्ये 'पुरणपोळी' शोधा. चार-पाच जणींनी चार-पाच आकडे भरून ठेवलेले असतात. त्यातली सगळ्यात कंजूष बाई निवडा.

व्यायामाचं मनावर घेऊ नका. वजनं उचलली तर प्रथिनं स्नायू टिकवायला कामी येतात, नाहीतर जादा प्रथिनांचेही ग्रॅमला चारच उष्मांक, साखरेइतकेच, आणि शरीर ते साठवून ठेवतं, अशी एक कुरबूर आहे. पण जिमची वर्षाची फी एकरकमी भरलीत, ती काय उचलायचं वजन नव्हतं? डॉ. दीक्षितांचा आहार की ऋजुता दिवेकरांचा यावर दोन तास जोरात वाद घाला, घाम येतो.

पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येईल. त्यातलं बरंचसं पाणी असतं, पण स्टेटसला पाणी लिहीत नाहीत. पुढच्या आठवड्यात तेच पाणी परत आलं तर 'मसल गेन' लिहा. महिन्याने काटा सुरुवातीपेक्षा वर गेला तर काट्याचे सेल बदला, फरशी बदला, आणि तरीही ऐकला नाही तर सरांना विचारा. सर म्हणतील, 'सर, प्रोटीन कमी पडतंय,' आणि दुसरा डबा काढून देतील. चॉकलेट फ्लेव्हर.

पहिला डबा रिकामा झाला म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. चांगला दोन किलोचा, रुंद तोंडाचा, फिरकीच्या घट्ट झाकणाचा असतो. धुऊन, उन्हात वाळवून साखर भरून ठेवा. मुंगी लागत नाही.