कंबर माझी, इलाज सोसायटीचा

ठाण्यात कंबर धरली तर ती लपवता येत नाही. माणूस जिना कसा उतरतो, त्यावरून पाचपाखाडीतली आमची अख्खी सोसायटी निदान करते. माझं निमित्त अगदीच किरकोळ: वाकून चपलेचा बंद लावताना शिंक आली. कमरेतून निघालेली कळ थेट डाव्या पोटरीत उतरली. मी कठडा धरून उभा, तर वॉचमन म्हणाला, "साहेब, मणक्यात गॅप आलाय." पुढे एमआरआयनंही साधारण तेच सांगितलं, फक्त पैसे घेऊन.

डॉक्टरांनी उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलला. अर्ध्यावर मी जी आरोळी ठोकली, ती ऐकून बाहेरचे दोन पेशंट न दाखवताच बरे झाले असावेत. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीतला गर, करंजीतून सारण बाहेर यावं तसा बाहेर येऊन शिरेवर टेकला होता. "बहुतेक लोक सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच जिरवतं. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहू नका. चाला." वेदनेच्या गोळ्या दिल्या, नाहीच भागलं तर मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, म्हणाले. मग चष्मा काढून बजावलं, "मात्र पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं."

घरी कुणाचंच समाधान होईना. एवढी फी घेऊन नुसतं 'चाला'?

ऑपरेशनचा विषय मी काढलाही नव्हता, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे अंथरुणाला खिळलेला एक साडू तयार होता. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर कटिबस्तीच आरंभली. उडदाचं पीठ मळून माझ्या कमरेवर आळं घातलं आणि त्यात कोमट महानारायण तेल ओतलं. मी पालथा. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज: "एवढ्या पिठात पापड झाले असते हो काकू." मग आळ्याला एका बाजूनं गळती लागली, आणि काकू "हलू नकोस रे, हलू नकोस!" म्हणत बोटानं बांध घालू लागल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चादर मात्र गेली.

सरकलेली चकती शीर दाबते आणि म्हणून पाय दुखतो, हे बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी १९३४ साली नीट मांडलं. आमच्या आईला ही बातमी अजून पोचलेली नाही. तिच्या मते ही उसण, आणि उसणीवर पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लागायला हवा. सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा झाली. बी विंगमध्ये एक मुलगी निघाली, आयटीतली, घरून काम करणारी. कानात हेडफोन, मीटिंग म्यूटवर. "काका, जोरात नको ना?" असं विचारून तिनं माझ्या कमरेला तीनदा हळूच पाय लावला, मग अनम्यूट करून "येस, आय अ‍ॅग्री" म्हणाली आणि गेली.

फिजिओथेरपिस्ट ही वेगळीच जात. पालथं पडून आधी कोपरांवर, मग तळहातांवर छाती उचलायची. एकदा मी कळवळून म्हणालो, "पोटरी थांबली, पण आता सगळं कमरेत दुखतंय!" ती चक्क खूश. "अरे वा, वर सरकलं!" पायातली कळ कमरेकडे गोळा होणं हे सुधारल्याचं लक्षण असतं म्हणे. दुखतंय म्हणून कुणी माझं अभिनंदन करण्याची ही पहिलीच वेळ.

गणपतीपर्यंत मी तलावपाळीला न थांबता फेरी मारू लागलो आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. काकू म्हणतात तेल. वॉचमन म्हणतो पट्टा, कारण तो त्याच्या मेव्हण्याच्या दुकानातला. डॉक्टरांचं नाव कुणीच घेत नाही. त्यांनी काय केलं, नुसतं चालायला तर सांगितलं! बी विंगच्या मुलीकडे मात्र आता रांग आहे. तिनं कॅलेंडरमध्ये संध्याकाळी सातचा स्लॉट ठेवलाय, आणि गुडघे घेत नाही असं ग्रुपवर स्पष्ट कळवलंय.