वॉटर पेपर, लाल पाणी आणि गंज: एका प्रतिक्रियेला उत्तर

चिपळूणच्या दादांना नमस्कार.

गणपतीआधी घाईघाईत रंगवून घेतलेल्या माझ्या मेहुण्याच्या लाल गाडीला वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर) मारून, पॉलिश करून चकाकी कशी आणली, ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही रागाने, पण मनापासून लिहिलंय. तुम्ही स्वतः डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आहात, त्यामुळे तुमचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तुमचे आक्षेप असे: फोटोतल्या बादलीतलं लाल पाणी म्हणजे गाडीचा रंगच गटारात गेला. इतका घासलेला रंग आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंज धरणार. काम बिघडलं होतं तर रंग पत्र्यापर्यंत उतरवून नव्याने मारायला हवा होता. आणि असले लेख पेंटरच्या पोटावर पाय देतात.

आधी लाल पाण्याचं बोलू, कारण ते पाहून आणखी दोघांनी तशीच काळजी कळवली आहे. त्या गाडीवर क्लिअर, म्हणजे रंगावर मारतात तो पारदर्शक थर, नव्हतंच. साधा लाल, हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) घालून मारलेला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग, वरून खालपर्यंत एकच. अशा रंगाला पेपर लावला की पाणी लाल होणारच, आणि बफिंगचा पॅडही लाल होणार. बेस कोटवर, म्हणजे खालच्या रंगाच्या थरावर, क्लिअर मारलेली गाडी असती तर पाणी दुधासारखं पांढरट यायला हवं होतं. तिथे लाल दिसलं असतं तर क्लिअर फाटून पेपर रंगात शिरला असा अर्थ झाला असता, आणि मग पॉलिशने काही साधत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. म्हणून हात घालण्याआधी आतल्या कोपऱ्यात, नंबर प्लेटच्या मागे वगैरे, पांढऱ्या फडक्यावर थोडं कंपाउंड (घासून चमक आणायची पेस्ट) घेऊन घासून पाहावं. फडक्यावर रंग आला की वर क्लिअर नाही, हे कळतं. मेटॅलिक रंग क्लिअरशिवाय मारला असेल तर पेपर लावूच नये. त्यातली अ‍ॅल्युमिनियमची चकती कापली जाते आणि डागच डाग दिसतात.

किती रंग गेला? रंगाची जाडी दाखवणाऱ्या मापकाने मी मोजलं होतं. बॉनेटवर आधी २२० ते २४० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाडी होती, सगळं काम झाल्यावर तीच ठिकाणं मोजली तर साधारण १० ते १२ मायक्रॉनचा फरक. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन असतात, म्हणजे घासूनही या बॉनेटवर मूळ रंगापेक्षा जास्त जाडी राहिली. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक, आणि २००० नंबरच्या पेपरवरच्या कणाचा सरासरी आकारच १० मायक्रॉनच्या जवळपास असतो. हात हलका असला, पाणी भरपूर असलं, तर तो पेपर रंग सोलत नाही, वरचे उंचवटे तेवढे कापतो. पण तुमच्यासारखा जाणकार लगेच विचारेल आणि ते बरोबरच आहे: मापक एकूण जाडी सांगतो, त्यात लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) किती आणि क्लिअर किती ते सांगत नाही. ३०० मायक्रॉन दिसले तरी क्लिअर त्यातलं ३० मायक्रॉनच असू शकतं. म्हणून क्लिअरवाल्या गाडीला पेपर लावायचा तर रंगवणाऱ्यालाच विचारायचं, क्लिअरचे हात किती मारले. दोन हात मारले असतील तर साधारण ४० ते ६० मायक्रॉन, आणि त्यात कडा नेहमीच पातळ. माझ्या मते बॉनेटच्या धारा, दरवाजाच्या रेषा, हँडलच्या कडा इथे मास्किंग टेप लावल्याशिवाय पेपर हातातच घेऊ नये.

आता गंज. इथे मात्र मी तुमच्याशी ठाम असहमत आहे, आणि तुमच्या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तरही इथेच आहे.

गाडीला गंजापासून जपणारा थर वरचा चकचकीत रंग नव्हे. कारखान्यात उघड्या पत्र्याची बॉडी आधी धुतात, तिच्यावर झिंक फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग ती अख्खी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने तिच्यावर ई-कोट नावाचा अस्तराचा थर चढवतात आणि भट्टीत १६० ते १८० अंशांपर्यंत तापवतात. हा थर जेमतेम २० मायक्रॉनचा असतो, पण तो दरवाजाच्या आत, दरवाजाखालच्या पट्टीच्या (सिलच्या) पोकळीत, स्प्रे गन कधी पोचणार नाही अशा जागी बसलेला असतो आणि पत्र्याला घट्ट धरून असतो. वरच्या रंगातून थोडी वाफ आणि हवा आत जातच असते. ती खाली गेली तरी पत्रा वाचतो तो या खालच्या पकडीमुळे. २००० नंबरचा पेपर वरचे काही मायक्रॉन घेतो, ई-कोटच्या वाऱ्यालाही जात नाही.

रंग पत्र्यापर्यंत उतरवला की नेमका हाच थर जातो, आणि रत्नागिरीत, मालवणात किंवा चिपळुणात, कुठल्याही शेडमध्ये तो परत आणता येत नाही. एपॉक्सी प्रायमर (रंगाआधी पत्र्यावर मारायचं अस्तर) चांगला असतो, मी त्याला नावं ठेवत नाही, पण तो पत्र्याच्या बाहेरच्या बाजूलाच बसतो, आणि बसण्याआधी पत्रा पूर्ण कोरडा, मिठाचा अंशही नसलेला हवा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ते कसं साधायचं? मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेपासून हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा त्याहून ओलीच असते. उघडा पत्रा रात्रभर शेडमध्ये राहिला की सकाळी त्याच्यावर तांबूस झाक दिसते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. त्यावर प्रायमर मारला तर गंज रंगाच्या खाली कोंडला जातो आणि पुढच्या वर्षी फोड होऊन वर येतो. पत्रा शाबूत असलेल्या गाडीचा नुसता वरचा रंग खडबडीत झाला म्हणून तिचा ई-कोट घालवणं मला पटत नाही.

त्या गाडीचं तरी काय बिघडलं होतं? संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग, बॉनेटवर धुळीचे दाणे, मागच्या दरवाजावर दोन ओघळ. पकड पक्की होती, टेप चिकटवून ओढला तरी पापुद्रा आला नाही. असला दोष वरच्या वर असतो, तो वरच्या वरच काढावा. ओघळ फक्त ओघळापुरते, कडक ठोकळ्यावर १५०० नंबर धरून बसवले, मग सगळीकडे मऊ ठोकळ्यावर २०००, नंतर ३०००, प्रत्येक पेपरला दिशा बदलून, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते कळतं. मधे मधे रबरी पट्टीने पाणी ओढून पाहायचं. मंद झालेला भाग उंच होता, जिथे अजून चमक दिसते ते खळगे. सगळे खळगे जाईपर्यंत घासायचा मोह आवरावा लागतो, थोडी साल राहिलेली चालते. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ असतं, त्यात जांभ्याच्या मातीचे कण येतात. एक कण पेपराखाली सापडला की खोल चर पडतो. म्हणून गाळलेलं पाणी, त्यात शांपूचे थेंब, आणि पेपर आधी चांगला भिजवलेला.

घाई मात्र आम्हीही केली नाही. ओल्या हवेत रंग वरून कोरडा वाटतो, आत थिनर अडकलेला असतो. तेव्हा पेपर मारला तर आज चमकतं आणि महिन्याभरात बसून पुन्हा मंद होतं. गणपतीत गाडी आहे तशीच फिरवली, काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत केलं.

पेंटरच्या पोटाबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला खरंच लागलं. पण दादा, वॉटर पेपर आणि रबिंग हे पेंटरचंच काम आहे, चांगल्या रंगकामाचा तो शेवटचा टप्पा आहे. गिऱ्हाईक चार दिवसांत गाडी मागतं, पैसे कमी करतं, म्हणून तो टप्पा गळतो. माझं म्हणणं असं की त्याचे वेगळे पैसे सांगा, क्लिअरचा एक हात जास्त मारा आणि गाडी महिन्याने परत बोलवा. यात तुमची कमाई वाढते आणि पुन्हा गन धरायची वेळही कमी येते. हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाच्या वाफेने पेंटरांना दमा जडू शकतो, आणि आपल्याकडे तोंडाला नुसता रुमाल बांधून रंग मारणारी पोरं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पाण्याखाली पेपर मारताना ती वाफ नाही आणि धूळही उडत नाही.

एका बाबतीत तुमचं पूर्ण बरोबर: रंगाखाली फोड आलेला असेल, क्लिअरचे पापुद्रे सुटत असतील, तर पेपर आणि पॉलिश दोन्ही निरुपयोगी. फोड म्हणजे बहुतेक वेळा खाली गंज. तेवढा भाग पत्र्यापर्यंत नेऊन, गंज काढून, एपॉक्सी प्रायमर मारावाच लागतो, आणि ते काम कोरड्या दिवसांतच करावं.

पॉलिश केल्याने गंज थांबतो का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. मेण किंवा सीलंट पाणी घरंगळायला मदत करतं, पक्ष्यांची विष्ठा आणि आंब्याचा चीक रंगात मुरायच्या आत धुता येतो, एवढंच. किनाऱ्यावरच्या गाडीला गोड्या पाण्याने वरचेवर धुणं जास्त उपयोगाचं, चाकांच्या कमानीत आणि खालून तर नक्कीच. आणि दरवाजाच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, त्यांत लाल माती बसते. पावसाळ्याआधी ती प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. तार घालू नका, आतला थर खरवडला जातो.