टाइमशेअर घेण्याआधी आखाजीची तिथी पाहावी

गेल्या महिन्यात जळगावच्या एका हॉटेलात आम्हा पती-पत्नीला टाइमशेअरची, म्हणजे एकदम पैसे भरून पुढची ठरावीक वर्षे दरवर्षी काही रात्री रिसॉर्टमध्ये राहण्याच्या सदस्यत्वाची, माहिती ऐकण्यासाठी जेवणाच्या कुपनासह बोलावले होते. दोघांनी सोबतच यावे, अशी अट होती. तेथील विक्री प्रतिनिधीने कोऱ्या कागदावर हॉटेलचे एका रात्रीचे भाडे ५,००० रुपये लिहिले, त्याला वर्षातल्या सात रात्रींनी आणि मग पंचवीस वर्षांनी गुणले, आलेल्या ८,७५,००० या आकड्याभोवती दोनदा गोल काढला आणि शेजारी सदस्यत्वाचे ४,००,००० लिहिले. वार्षिक देखभाल शुल्क मी विचारले तेव्हा कुठे ते कागदाच्या कोपऱ्यात आले: १८,००० रुपये, दरवर्षी महागाईनुसार वाढणारे.

घरी येऊन मी हिशेब मांडला. हे शुल्क दरसाल ६ टक्क्यांनी वाढले तर पंचविसाव्या वर्षी ते सुमारे ७३,००० होते आणि पंचवीस वर्षांची बेरीज पावणेदहा लाखांच्या पुढे जाते. अर्थात हॉटेलचे भाडेही वाढणारच, हे मान्य केले पाहिजे. आणि जे कुटुंब दरवर्षी न चुकता सातही रात्री वापरते, त्याला हा व्यवहार परवडूही शकतो. पण आम्ही तीनच रात्री गेलो, तर हॉटेलचे भाडे १५,००० होते, म्हणजे नुसत्या देखभाल शुल्काहूनही कमी, आणि भरलेले चार लाख वेगळेच. एखाद्या वर्षी जाणेच झाले नाही, तरी ते शुल्क चुकत नाही.

म्हणून ठरलेला आठवडा, हंगाम आणि गुण या टाइमशेअरच्या तीन पद्धतींपैकी कोणती स्वस्त, यापेक्षा आपल्या घराला कोणती पेलवते, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत आहे. ठरलेल्या आठवड्याच्या पद्धतीत वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी एक आठवडा कायमचा आपल्या नावावर होतो. तो इंग्रजी तारखेवर चालतो आणि आमचे घर तिथीवर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्या दिवसांत घर बंद करून बाहेर पडण्याचा विचार खान्देशात कोणी करत नाही. ही अक्षय्य तृतीया २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये १० मे रोजी आणि २०२५ मध्ये ३० एप्रिलला. मे महिन्याचा दुसरा आठवडा कायमचा घेतलेल्या कुटुंबाने २०२४ मध्ये काय करायचे होते?

दुसरी पद्धत हंगामाची. क्लब महिंद्रासारख्या कंपनीत जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे महागापासून स्वस्तापर्यंतचे हंगाम असतात. वरच्या हंगामाचा सदस्य खालच्या हंगामात जाऊ शकतो, उलटे होत नाही. मुलांना सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे नेमकी गर्दीच्या आणि महाग दिवसांत. दिवाळीत आमच्याकडे कापसाची वेचणी चालू असते. माझे दादा रावेरजवळ केळी करतात. मे महिना सरत आला की आभाळ भरून येते, एका वादळात उभी बाग आडवी होते आणि वर्षभराचे घड मातीत जातात, त्यामुळे त्या दिवसांत ते गाव सोडत नाहीत. आखाजी आणि ते वादळी दिवस यांच्यामध्ये जी थोडी फट उरते, तेवढीच आमच्या एकत्र कुटुंबाची सुट्टी. त्याच दिवसांचे आरक्षण सगळ्यांनाच हवे असते. स्वस्त पडतो म्हणून निळा हंगाम घेणे, हा मुलांच्या शाळेमुळे आम्हाला निव्वळ तोटा आहे.

गुणांची पद्धत, म्हणजे दरवर्षी मिळणारे पॉइंट्स राहण्यावर खर्च करायचे, ही मला त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण तीन रात्री, लहान खोली, वेगळे गाव असे आपल्या सोयीने खर्च करता येते. मात्र एका रात्रीला किती गुण लागतील, हे कंपनी ठरवते. ते वाढवण्यावर मर्यादा आहे का आणि उरलेले गुण किती वर्षे पुढे नेता येतात, हे करारात लेखी असल्याशिवाय सही करू नये. आरसीआय या कंपनीसारख्या, आपला मुक्काम देऊन दुसरीकडचा घेण्याच्या अदलाबदलीच्या व्यवस्थेतून परदेशातही राहता येते, हे खरे आहे, पण तिथेही अदलाबदलीचे शुल्क वेगळे आणि जागा शिल्लक असेल तरच मिळणार.

‘मालक व्हा’ या शब्दाबद्दल मला विशेष चिंता वाटते. अमेरिकेत काही योजनांमध्ये खरेदीखत होते आणि हक्क वारसांकडे जातो. आपल्याकडे बहुतेक योजना ठरावीक वर्षांच्या वापराच्या हक्काच्या असतात. जमीन आपली होत नाही आणि मुदत संपली की हातात काही उरत नाही. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी, हे पिढ्यान्‌पिढ्या समजत आलेल्या आपल्या माणसांना हा फरक कोणीतरी बसून समजावून सांगितला पाहिजे.

आम्ही सही केली नाही. पुढेमागे घेतलेच तर कमी मुदतीचे आणि गुण पुढे नेता येणारेच घेऊ. तोपर्यंत आखाजी झाल्यावर दादांना बाग सोडता येईल त्या चार दिवसांत तोरणमाळ किंवा सापुताऱ्याला जायचे आणि जितक्या रात्री राहू तितक्यांचेच भाडे द्यायचे, असे घरात सगळ्यांनी मिळून ठरवले आहे.