विश्वजन्माचा आवाज अजून कोणीही ऐकलेला नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 2015 मध्ये अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्याच पोतात उठणारे तरंग) टिपणाऱ्या यंत्राने महास्फोटाचा, म्हणजे विश्वजन्माचा, आवाज पकडला आणि तो ओंकार निघाला, दक्षिण ध्रुवावर तर विश्वजन्माचा पुरावा त्याआधीच मिळाला होता, आणि आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला त्याच लहरी तयार करणारं यंत्र येतंय, म्हणजे पुन्हा किल्लारीसारखा भूकंप होणार. पाठवणारी माणसं आपलीच आहेत, शिकलेली आहेत. म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा आवाजाचा. 14 सप्टेंबर 2015 रोजी पकडलेली गुरुत्वीय लहर दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आली होती. एक सूर्याच्या सुमारे 36 पट जड, दुसरं 29 पट. टक्कर झाली सुमारे 130 कोटी वर्षांपूर्वी, आणि विश्वाचं वय आहे 1380 कोटी वर्षं. महास्फोटाशी तिचा काही संबंध नाही. लहर टिकली सेकंदाचा पाचवा भाग. तिची कंपनं योगायोगाने आपल्या कानाच्या टप्प्यातली होती, म्हणून शास्त्रज्ञांनी ती स्पीकरवर वाजवून दाखवली: खालून झपकन वर चढणारा आणि तिथेच तुटणारा स्वर. ओंकारावरची श्रद्धा ज्याची त्याने जपावी, पण त्यासाठी लायगोच्या नावावर खोटी साक्ष कशाला?

विश्वाच्या बालपणातल्या लहरी अशा एकट्यादुकट्या उसळून येणारच नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या गल्लीतून जाताना एकेका मागाचा ठोका वेगळा कळत नाही, सगळ्यांची मिळून एक घरघर कानावर येते. त्या लहरी तशा, सगळ्या दिशांनी आणि एकमेकींत मिसळलेल्या असतील. दूर दूरच्या दोन यंत्रांच्या नोंदी ताडून, दोन्हीकडे जे सारखं असेल तेवढंच वेचत ती घरघर शोधावी लागते. लायगोने तसा शोध घेतलाय, हाती अजून काही लागलेलं नाही.

तरीही हा खटाटोप मोलाचा आहे, कारण पहिली सुमारे 3 लाख 80 हजार वर्षं विश्व प्रकाशाला पारदर्शक नव्हतं. त्यापलीकडचं कुठल्याच दुर्बिणीला दिसणार नाही. गुरुत्वीय लहरींना मात्र तो पडदा अडवत नाही. अशाच लहरी टिपणारी युरोपची लिसा मोहीम साधारण 2035 च्या सुमारास अवकाशात जाईल. तिची तीन यानं एकमेकांपासून 25 लाख किलोमीटरवर असतील. विश्व जन्मून सेकंदाचा अब्जावा भागही उलटला नव्हता, तेव्हाच्या काही उलथापालथींच्या लहरी तिला सापडू शकतात. सापडतीलच असं नाही.

दक्षिण ध्रुवाची बातमी मार्च 2014 ची. बायसेप-2 दुर्बिणीने विश्वाच्या बालपणापासून येणाऱ्या आदिम प्रकाशात तेव्हाच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा दिसल्याचं जाहीर केलं. 2015 च्या सुरुवातीला प्लँक उपग्रहाच्या नोंदींसोबत तपासल्यावर कळलं की तो ठसा मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता. बायसेपच्या मंडळींनी स्वतः त्या तपासणीत भाग घेतला, निकाल मान्य केला. मेसेजमध्ये यातलं अवाक्षर नाही, याचा मला खरंच राग येतो.

जून 2023 मध्ये नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीचा वाटा असलेल्या गटाने आणि इतर देशांतल्या गटांनी पल्सार ताऱ्यांच्या (ठरावीक लयीत रेडिओ ठोके पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या) टिकटिकीतून अतिमंद लहरींचे पुरावे मांडले. त्या बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या आहेत. त्या आदिम विश्वातून आल्याची शक्यता खोडून टाकलेली नाही, एवढंच.

किल्लारीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट सोलापूरनेही अनुभवली आहे. पण औंढ्याचं यंत्र लहरी सोडणारं नाही, टिपणारं आहे. काटकोनात 4-4 किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत लेसरचा किरण, टोकांना टांगलेले आरसे. अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पट लहान हालचाल त्यांना मोजायची असते. हे यंत्र जमीन कशाने हलवणार? उलट, दूरच्या भूकंपानेही त्याचं काम विस्कटतं. मार्च 2024 मध्ये हिंगोलीत 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा तिथे हे यंत्र नव्हतंच.

किल्लारीत एवढी माणसं गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं अंगावर कोसळून. तशी घरं आपल्या जिल्ह्यातल्या गावांत आजही वापरात आहेत. भूकंपाची काळजी वाटत असेल तर मेसेज त्या घरांबद्दल लिहा.