केंडांचं श्राद्ध

श्रावण पाळायचा. मग गणपती. मग पितृपक्ष, त्याच्या पाठीला पाठ लावून नवरात्र. म्हणजे पाऊस ओसरून समुद्र निवळतो, बांगडा किनाऱ्याकडे सरकतो, नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरात माशाचं नाव काढायची सोय नाही. दसरा झाला म्हणून गरी बाहेर काढावी, तर दुसऱ्या दिवशी एकादशी. पंचांगकर्त्यांचं आणि माशांचं काहीतरी साटंलोटं आहे, असं माझं जुनं मत आहे.

उरली द्वादशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बाराची पाऊणपट नऊ. पाऊणकी पाठ केल्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग. तर आठ वाजता मालवणच्या जेटीवर. समोर सिंधुदुर्ग, हातात पुण्याहून आणलेला नवा कोरा रॉड, पिशवीत दोनशे रुपयांची कोळंबी.

आणि बाजूला म्हातारा.

तो कधी येऊन बसला कळलंच नाही. अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा, दोन्ही हात मोकळे. त्याने रॉड बुडापासून टोकापर्यंत न्याहाळला.

"ह्यां कितक्याक?"

"साडेचार हजार."

"लांब आसा. कापडां सुकवूक बरी."

मी हसलो. पुण्यात राहून माणसाला अशा वेळी हसायची सवय लागते.

"गरीक काय लायलंस?"

"सुंगटां."

"केवढ्याची?"

मी सांगितलं. इथे खोटं बोलायला हवं होतं. म्हातारा माझ्याशी बोलायचा थांबला आणि समुद्राशी बोलू लागला. "दोनशेची सुंगटां! कांदो-खोबरा घालून केल्यान तर चार माणसां जेवतली!"

तेवढ्यात तंगूस ताणली. मी रीळ फिरवलं, छाती फुगली. वर आला तो केंड. दगडावर पडताच त्याचीही फुगली, माझ्यापेक्षा जास्त. पोटाचा फुगा, पुढे सशासारखे दात, चेहऱ्यावर तलाठ्याचा भाव. विषारी मासा, मांजरसुद्धा हुंगून पुढे जातं. सोडला. पुन्हा टाकली, पुन्हा केंड. तिसऱ्याने तंगूसच कातरली, गरी घेऊन गेला. पाच गऱ्या गेल्या. शेवटी शेवटी मला वाटू लागलं, एकच केंड रांगेत परत येतोय.

म्हातारा बराच वेळ गप्प होता. मग अगदी मायेने म्हणाला, "पितृपक्ष संपलो मरे."

"हो. मग?"

"मगे ही वाडी कोणाक दाखयतस? कावळे नाय गावले म्हणान केंडांक?"

जेटीवरची दोन पोरं खोखो हसली. किल्ल्याच्या होडीची वाट बघणारं एक पर्यटक कुटुंब, ज्यांना मालवणीचा 'म' कळत नव्हता, तेही हसलं.

राग कशाचा आला ते नीट सांगता येत नाही. कारण नंतर त्याने रापणीचं, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचं, काढलं. ह्याच दिवसांत रापण लागायची, अख्खा वाडा दोन्ही टोकांना ओढायला उभा राहायचा, दोरीला नुसता हात लावला तरी बांगड्यांचा वाटा मिळायचा. आता किनाऱ्याला येतंय काय, तर केंड. बाकीचा मासा बाहेरच्या बाहेर उपसला जातो, रात्री लख्ख दिवे लावून. मी शहाणपणा केला, म्हटलं, एलईडीवर तर केंद्राने 2017 सालीच बंदी घातली आहे.

"बंदी आसा," म्हातारा म्हणाला. "दिवे पण आसत."

यावर काय बोलणार? दोन महिने पावसाळी मासेमारीची बंदी गरिबाची होडी पाळते, दोन महिने उपास मी पाळतो, आणि मासा तिसराच खातो. साडेनऊला ऊन चढलं, कोळंबीला वास सुटला. मी आवरायला घेतलं.

"उरलेली सुंगटां हय दी," तो म्हणाला. मी दिली. धन्यवाद वगैरे नाही. पिशवी उघडून हुंगली, नाक मुरडलं, आणि तरीही घेऊन गेला.

रिकाम्या हाताने घरी जायची माझी छाती नव्हती. बाजारात गेलो, कोळणीपुढे बसलो, सहा बांगडे निवडले. मुद्दाम लहान-मोठे, गरीला कधी एका मापाचे लागत नाहीत. पैसे काढताना तिने माझ्या रॉडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"केंडवालो तूच मां?"

मी भाव केला नाही.