कण्हेरच्या पाण्यावर बोर्ड कोणता?

साताऱ्यात राजवाड्यासमोरच्या कट्ट्यावर वकीलसाहेबांनी उभ्याने वल्हवायचा बोर्ड घेण्याचा विचार बोलून दाखवला आणि कण्हेर धरणाच्या संथ पाण्यासाठी तो कसा असावा, यावरून मास्तर व इंजिनिअर यांच्यात जुंपली. (कासचे नाव निघताच मागे पडले, त्या तलावाचे पाणी सातारा पितो.)

नवशिक्याने साडेदहा फुटी, ३२ ते ३४ इंच रुंद आणि गोल नाकाचाच बोर्ड घ्यावा, कारण पायच ठरत नसतील तर वेग काय कामाचा, असे मास्तरांचे म्हणणे होते. रुंदीने तोल सांभाळला जातो हे इंजिनिअरला मान्य होते; मात्र आखूड, रुंद बोर्डाचे नाक वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी भलतीकडे वळते आणि सारखी बाजू बदलावी लागते, तर साडेअकरा-बारा फुटांचा निमुळत्या नाकाचा टूरिंग, म्हणजे लांब पल्ल्याचा, बोर्ड पाणी कापत सरळ जातो, हे त्याने ठासून सांगितले. जिथे लाटाच नाहीत तिथे लाटांवरही चालणारा आकार कशाला, हा त्याचा सवाल मला बिनतोड वाटला. शिवाय वकीलसाहेबांचे वजन नव्वदीला टेकलेले; बोर्डावर छापलेली कमाल वजनमर्यादा गाठली की तो तरंगतो खरा, पण पाण्यात खोल बसून रेंगाळतो, म्हणून तिच्यापेक्षा बरेच खाली राहिलेले बरे.

टणक बोर्ड चालायला सरस असला, तरी तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो ठेवणार कुठे? त्यामुळे पाठीवरच्या पिशवीत मावणारा, हवा भरायचा बोर्ड ठरला. त्याचे वरचे आणि खालचे पापुद्रे आतून असंख्य धाग्यांनी जोडलेले असतात, म्हणून १५ पीएसआयपर्यंत (हे हवेच्या दाबाचे माप) हवा भरली की तो फळीसारखा ताठ होतो. मात्र शेवटचे चार-पाच पीएसआय भरताना दमछाक होते, नेमके तिथेच लोक थांबतात आणि मग बोर्ड मधोमध वाकतो. सहा इंच जाडीचा असा बोर्ड वारा धरतो, हा मास्तरांचा आक्षेप रास्त होता. त्यासाठी जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतताना तोच वारा मदतीला येतो.

अखेर साडेअकरा फुटी, ३२ इंची टूरिंग बोर्डावर तडजोड झाली. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर लांब फिन (बोर्डाच्या तळाशी बसणारा, दिशा सरळ ठेवणारा कल्ला) काठच्या दगडांना अडकेल, म्हणून सोबत एक आखूड फिनही घ्यावी, अशी भर मास्तरांनी घातली. लाइफ जॅकेट, लीश (बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी) आणि परवानगी यांबद्दल वादच नव्हता. वल्हे डोक्याच्या वर वीतभर उरेल इतके लांब असावे, हेही सर्वांना पटले. ते कार्बनचे घ्यावे की अॅल्युमिनियमचे, यावर मात्र दोघे पुन्हा भिडले.