‘उंदराएवढं डुक्कर दाखवणारी दुर्बीण’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक तारा दिलात, हरकत नाही. पण रिव्ह्यू वाचून उद्या आणखी एखादा बागायतदार नको त्या वस्तूवर पैसे घालील, म्हणून लिहितो. तुमचं म्हणणं असं: रायफलीसाठी ६-२४ पॉवरची (म्हणजे ६ ते २४ पट मोठं दाखवणारी), पुढची काच ५० एमएमची असलेली दुर्बीण मागितली, तर आम्ही २-७ ची ३२ एमएमवाली गळ्यात मारली. लांबच्या गडग्यावरचं डुक्कर तिच्यातून उंदराएवढं दिसतं, पहाटे काचेवर धुकं धरतं, आणि बदलून मागितली तर आम्ही दिली नाही.

मचाणापासून लांबचा गडगा साठेक मीटर, हे तुम्हीच सांगितलं होतंत. मध्ये कलमं, खाली गवत, कडेला करवंदीच्या जाळ्या. ६० मीटरवर २४ पॉवरला जेमतेम ९० सेंटीमीटर रुंदीचा तुकडा दिसतो. पुरं वाढलेलं डुक्कर त्याहून लांब असतं. म्हणजे तुम्हाला दिसणार काय, तर काळे राठ केस. पुढची बाजू कुठली नि मागची कुठली हे कळेस्तोवर ते गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या भुईमुगात. तेच २ पॉवरला आठेक मीटरचा पट्टा दिसतो. डुक्कर, त्याच्या मागची पिल्लं, जाळीची कड, सगळं एकदम.

दोन्ही दुर्बिणी टेबलावरच्या स्टँडला लावून तुम्हाला दाखवल्या होत्या. समोरच्या पत्र्यावर कावळा होता. २-७ मधून तो तुम्हाला लगेच सापडला. ६-२४ मधून तुम्ही पत्रा, पन्हळ, केबलची वायर, परत पत्रा असं करत राहिलात, तोवर कावळा उडाला. तेव्हा हसलात. रिव्ह्यूत मात्र कावळा कुठे आलेला नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. हंगामात बागेत राखणीची माणसं असतात, पहाटे कोणी ना कोणी पाणंदीने जात असतं. ९० सेंटीमीटरच्या भोकात डुकराच्या बाजूला उभा असलेला गडी दिसत नाही. शिवाय हलताना काही दिसलं की ‘काय आहे बघू’ म्हणून बंदुकीच्या दुर्बिणीला डोळा लावायचा, म्हणजे नळी आधीच तिकडे रोखलेली. बघायला हातातली ८x४२ दुर्बीण (८ पॉवर, ४२ एमएम काच) वेगळी ठेवा. ओळख तिच्यातून पटवायची, रायफल मग उचलायची. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, त्याला कंटाळा आला तरी सांगतो.

आता उजेड. पुढच्या काचेच्या एमएमला पॉवरने भागा. ५० भागिले २४ म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा ठिपका दोनच मिलिमीटरचा. तुमची २-७ वाली ४ पॉवरवर ठेवली, तर ३२ भागिले ४ म्हणजे ८. अंधारात आपली बाहुली पाच-सात मिलिमीटर उघडते, वय वाढेल तशी कमी. पहाटे २४ वर काळोख का दिसतो, ते यात आलं. जर्मनीत संध्याकाळच्या शिकारीला ८x५६ वापरायची जुनी पद्धत आहे, तिथेही हिशोब हाच: ५६ भागिले ८, सात. आणि युरोपात हाके घालून डुक्कर उठवतात, तिथे शिकारी १-४ किंवा १-६ लावतात. २४ पॉवर तीनशे मीटरवरच्या कागदी निशाणाला ठीक. नाहीतर हाताचा कंप तेवढा २४ पट मोठा दिसतो.

बदलाबाबत: दुर्बीण रायफलीवर बसवायच्या माऊंटच्या रिंगा आवळल्याचे वळ दुर्बिणीच्या नळीवर उमटलेत. अशी वस्तू नवी म्हणून मी दुसऱ्याला विकू शकत नाही. बिलावर तसं छापलं आहे, तोंडीही सांगितलं होतं.

धुक्याचं सोपं आहे. फडक्याने पुसल्यावर गेलं तर ते बाहेरच्या काचेवरचं दव, आपल्या हवेत धरणारच. एसी गाडीतून काढून लगेच मचाणावर नेलीत तर जास्तच. पुसूनही आत राहिलं, तर धुकं धरू नये म्हणून आत भरलेला नायट्रोजन वायू गेला. तसं असेल तर वॉरंटीत पाठवू, एक पैसा घेणार नाही. पावसाळ्यात मात्र कपाटात कोंडू नका, बुरशी काचेला एकदा लागली की जात नाही.

एक विनंती. रिव्ह्यूत ‘कधीमधी भेकरालाही’ असं लिहिलंत, ते काढा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. पीक नासणाऱ्या डुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. पीक संरक्षणाचा परवाना हा बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. भेकर तुमच्या आंब्याचं काय नासतं ते मला तरी माहीत नाही.

तुमच्या फोटोत पॉवरची रिंग ७ वर आहे. ती ३ वर आणून एक पहाट बसून बघा. तरी पटलं नाही, तर दुर्बीण घेऊन या, रिंगा नि नेम दोन्ही तपासून देतो. रायफल रिकामी, काडतुसं वेगळ्या पिशवीत आणि परवाना सोबत. दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं.